केजीएफ बघायला जायचंय? बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीच्या गावाची खरी माहिती, मंद्रूपहून जाण्याचा रस्ता आणि घ्यायची काळजी

मंद्रूप : 'केजीएफ' सिनेमा गावागावांत मोबाईलवर बघून झालाय. त्यानंतर पोरांचा एकच प्रश्न असतो, "ही खाण खरंच हाय का? कुठं हाय? बघायला जाता येतं का?" खाण खरी आहे, कर्नाटकात आहे आणि सोलापूर स्टेशनवरनं एका रात्रीच्या प्रवासावर आहे. पण सिनेमात दाखवलंय तसं तिथं काही नाही. जे आहे ते वेगळंच आहे, आणि जाण्याआधी समजून घेण्यासारखं आहे. रिकाम्या शाफ्टमध्ये डोकावणं, मातीच्या ढिगाऱ्यावर चढून रील काढणं असल्या हौसेपायी जीवावर बेतू शकतं. म्हणून ही सगळी माहिती एका जागी देत आहोत.

थोडक्यात

- पूर्ण नाव : कोलार गोल्ड फिल्ड्स, म्हणजेच केजीएफ
- कुठं : कर्नाटकातील कोलार जिल्हा, बेंगळुरूपासून पूर्वेला सुमारे १०० किलोमीटर
- खाण सुरू : आधुनिक पद्धतीनं १८८० पासून
- खाण बंद : २८ फेब्रुवारी २००१
- एकूण सोनं : १२० वर्षांत ८०० टनांहून जास्त
- खोली : सुमारे ३,२०० मीटर, म्हणजे दहा हजार फुटांच्या वर
- आत उतरता येतं का : नाही. खाणीत कुणालाही प्रवेश नाही
- गाव ओसाड आहे का : खाण ओसाड आहे, गाव नाही. तिथं आजही लाखाच्या वर माणूस राहतो

सिनेमातलं किती खरं?

सिनेमाचा पहिला भाग डिसेंबर २०१८ मध्ये आला आणि दुसरा एप्रिल २०२२ मध्ये. काही चित्रीकरण केजीएफच्या मातीच्या टेकड्यांवर झालं, एवढं खरं. बाकी 'नराची' नावाची खाण, तिथला रॉकी, गरुडा, गुलामासारखी राबणारी माणसं ही सगळी लेखकाची कल्पना आहे. सिनेमात सोनं १९५१ साली सापडतं. खऱ्या केजीएफमध्ये तोपर्यंत ७० वर्षं खाणकाम चालू होतं. १९५६ मध्ये तर सरकारनं खाणी ताब्यात घेतल्या होत्या. त्यामुळं सिनेमाच्या काळात तिथं गुंडांचं राज्य नव्हतं. सरकारी हजेरीपट होते, पगार होता, कामगार संघटना होत्या.

कामगारांच्या बाजूनं जुन्या काळाची गोष्ट सांगायचा प्रयत्न 'तंगलान' या तमिळ सिनेमानं २०२४ मध्ये केला. त्यातही कल्पनेचा भाग बराच आहे. पण दगड फोडणारे हात कुणाचे होते, हा प्रश्न त्यानं विचारला.

सोनं सापडलं कसं?

या भागात सोनं आहे हे इंग्रजांनी शोधलं असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या तिथली माती धुवून सोन्याचे कण काढत होते. १७९९ मध्ये टिपू सुलतान पडल्यावर म्हैसूर राज्याच्या हद्दी मोजायचं काम निघालं. त्या मोजणीवर असलेल्या जॉन वॉरन या लेफ्टनंटच्या कानावर ही सोन्याची गोष्ट गेली. १८०२ मध्ये त्यानं गावकऱ्यांकडून माती धुवून घेऊन खात्री केली आणि अहवाल लिहिला. तो अहवाल पुढं बरीच वर्षं तसाच पडून होता.

१८७१ च्या सुमारास मायकेल लॅव्हेल नावाच्या एका निवृत्त आयरिश सैनिकाच्या वाचनात ती माहिती आली. तो न्यूझीलंडच्या लढाईत होता आणि नंतर बेंगळुरूला राहत होता. त्यानं म्हैसूर सरकारकडं परवाना मागितला आणि १८७५ मध्ये त्याला तो मिळाला. पण एकट्यानं खाण चालवायला पैसा कुठला? त्याचे हक्क पुढं दुसऱ्यांकडं गेले. १८८० मध्ये इंग्लंडची जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी उतरली आणि खरं खाणकाम सुरू झालं.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक जुना धागा. विजापूरच्या आदिलशाहीनं शहाजीराजांना कर्नाटकात जी जहागीर दिली होती, तिच्यात बेंगळुरूबरोबर कोलारही होतं. मंद्रूपवरनं जो रस्ता विजापूरकडं जातो, त्या विजापूरचा हुकूम एकेकाळी कोलारपर्यंत चालायचा.

किती खोल?

आपल्याकडं बोअर ५००-६०० फुटांवर गेली तर "लई खोल गेलं बाबा" म्हणतो. केजीएफची चॅम्पियन रीफ खाण दहा हजार फुटांच्या खाली गेली होती. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. कळसूबाई उलटं करून जमिनीत दोनदा खुपसलं तर जेवढं होईल, जवळपास तेवढी खोली. एका काळात ती जगातल्या सगळ्यात खोल खाणींमध्ये मोजली जायची.

एवढ्या खाली दगडच तापलेला असतो. तळाच्या दगडाचं तापमान ६० अंशांच्या वर जायचं. वरनं थंड केलेली हवा खाली सोडावी लागायची, तेव्हा कुठं माणूस काम करू शकायचा. त्यात दुसरा धोका 'रॉक बर्स्ट'चा. वरच्या डोंगराएवढ्या वजनानं खालचा दगड दाबलेला असतो. पोकळी खोदली की तो बॉम्बसारखा फुटतो आणि समोरचा माणूस जाग्यावर जातो. केजीएफमध्ये असे स्फोट वारंवार झाले. वर गावातल्या घरांनाही हादरे बसायचे.

तिसरा धोका दिसत नव्हता, तो धुळीचा. दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात बसते आणि फुफ्फुस हळूहळू दगडासारखं घट्ट होतं. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. भारतात हा रोग पहिल्यांदा कागदावर आला तो केजीएफमधूनच. १९४० च्या दशकात कामगारांची तपासणी झाली, तेव्हा तपासलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणांना तो निघाला. यावर औषध तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. धूळ टाळणं एवढाच इलाज.

'छोटं इंग्लंड' आणि दुसरी बाजू

सोन्यासाठी तिथं काय काय आलं बघा. १८९४ मध्ये बंगारपेठपासून रेल्वेचा फाटा आला. पालार नदीवरच्या बेतमंगलच्या तलावातून पाणी आलं. ३० जून १९०२ ला कावेरी नदीवरच्या शिवनसमुद्रहून दीडशेएक किलोमीटर तारा ओढून वीज आणली. तेव्हा बेंगळुरू शहरातही वीज नव्हती, तिथं ती १९०५ मध्ये आली. भारतातल्या बहुतेक गावांनी बल्ब बघायच्या कितीतरी आधी केजीएफमध्ये जमिनीखाली विजेवर यंत्रं फिरत होती.

साहेबांसाठी बंगले, क्लब, गोल्फचं मैदान, चर्च, दवाखाना. हवा थंड, म्हणून त्याला 'छोटं इंग्लंड' म्हणायचे. खाली उतरणाऱ्या कामगारांसाठी मात्र एकाला एक चिकटलेल्या खोल्यांच्या रांगा. त्यांना 'लाइन' म्हणतात. एका खोलीत अख्खं कुटुंब. बहुतेक कामगार तमिळ आणि तेलुगू भागांतून आलेले, त्यात दलित समाजाची संख्या मोठी. गावाकडं जमीन नाही, मान नाही. खाणीत जीवाला धोका होता, पण महिन्याला रोख पगार होता. म्हणून माणसं आली, आणि तीन-तीन पिढ्या राहिली.

गपगुमान राहिली असंही नाही. १९३० मध्ये कामगारांच्या बोटांचे ठसे घेऊन नोंद करायचा नियम आला. "आम्ही काय चोर आहोत का?" म्हणत हजारो कामगारांनी २१ दिवस काम बंद ठेवलं होतं.

जमिनीखालची प्रयोगशाळा

एक गोष्ट सिनेमात नाही, पण पोरांना जरूर सांगा. १९६५ मध्ये केजीएफच्या खाणीत सव्वादोन किलोमीटरच्या आसपास खोल एक प्रयोग झाला. 'न्यूट्रिनो' नावाचा अतिशय सूक्ष्म कण आहे. तो आपल्या अंगातून, जमिनीतून आरपार जातो आणि कळतही नाही. वरच्या वातावरणात तयार होणारे हे कण जगात पहिल्यांदा टिपले गेले त्यांत केजीएफचा प्रयोग आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानचं ओसाका आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांचे शास्त्रज्ञ त्यात होते. एवढं खाली कशाला? तर वरचा दगड बाकीच्या कणांना अडवतो आणि चाळणीतून गाळल्यासारखा हवा तो कण खाली मिळतो. खाणीच्या याच खोलीनं कामगारांचे जीव घेतले आणि विज्ञानाला वाटही दिली.

मग खाण बंद का पडली?

हिशेब साधा आहे. सुरुवातीच्या चांगल्या काळात एक टन दगडातून ४५ ग्रॅमपर्यंत सोनं निघायचं, म्हणजे साडेचार तोळे. शेवटी शेवटी ते एका टनाला ३ ग्रॅमच्या आसपास आलं. पाव तोळ्यासाठी एक टन दगड तीन किलोमीटर खालनं वर ओढायचा, फोडायचा, दळायचा, रसायनात भिजवायचा. खाण जेवढी खोल, तेवढा पाणी उपसायचा, हवा सोडायचा, दगड ओढायचा खर्च जास्त. सोन्याची किंमत येईना आणि खर्च थांबेना.

१९५६ मध्ये म्हैसूर सरकारनं खाणी घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडं गेल्या. १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सरकारी कंपनी झाली. तोटा वाढतच गेला. २८ फेब्रुवारी २००१ ला कंपनीनं काम थांबवलं. एका काळी तीस हजारांच्या आसपास माणसं या खाणींवर होती. शेवटी काही हजारच उरली होती, तीही एका दिवसात घरी बसली. उपसा थांबला आणि खालचे बोगदे पाण्यानं भरले.

सोलापूरकरांना हे नवीन नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांचे भोंगे थांबले तेव्हा इथल्या चाळींचं काय झालं ते आपण बघितलंय. एका भोंग्यावर चालणारं गाव भोंगा थांबला की कसं चाचपडतं, ते केजीएफमध्ये अजून दिसतं.

आज तिथं काय आहे?

'ओसाड गाव' म्हणून जाल तर चकित व्हाल. रॉबर्टसनपेठ हा गावाचा मुख्य भाग. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या दीड लाखाच्या वर होती. बाजार गजबजलेला असतो. संरक्षण आणि खाणकामाची यंत्रं बनवणारा बीईएमएल हा सरकारी कारखाना चालू आहे. पण रोजगार पुरत नाही. म्हणून रोज पहाटे हजारो माणसं रेल्वेनं बेंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परत येतात. एका बाजूला शंभर किलोमीटर, तेवढंच परत. झोपायला घरी आणि जगायला बेंगळुरूला, असं त्यांचं चालू आहे.

जुन्या कामगारांचे घरांच्या मालकीचे आणि देण्याघेण्याचे प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळलेत. लाइनीतल्या खोल्यांत आजही त्यांचीच कुटुंबं राहतात.

आणि गावात जिकडं बघाल तिकडं दिसतात त्या करड्या टेकड्या. त्या डोंगर नाहीत. दगड दळून, सायनाइडच्या पाण्यात भिजवून सोनं काढून घेतलं की जो चिखल उरतो, तो वाळवून टाकत गेले आणि टेकड्या झाल्या. म्हणून तिथले लोक त्यांना 'सायनाइड डंप' म्हणतात. असे १३ ढीग आहेत, हजार एकरांवर पसरलेले, त्यात सुमारे ३ कोटी ३० लाख टन माती. या मातीत अजून थोडं सोनं उरलंय. ते नव्या पद्धतीनं काढता येईल म्हणून केंद्र सरकारनं प्रस्ताव ठेवला आणि जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं त्याला संमती दिली. त्यामुळं येत्या काळात या टेकड्यांचं रूप बदलू शकतं.

मंद्रूपहून कसं जायचं?

*रेल्वेनं :* मंद्रूप ते सोलापूर स्टेशन पंचवीसएक किलोमीटर. सोलापूरवरनं रायचूर-गुंतकल मार्गे बेंगळुरूला उद्यान एक्स्प्रेस आहे, बसव एक्स्प्रेस आहे. विजापूर-हुबळी मार्गे गोलगुंबज एक्स्प्रेस आहे. रात्रभराचा प्रवास. बेंगळुरूवरनं पुढं मारिकुप्पमची लोकल गाडी पकडायची, अडीच-तीन तास धरा. गाडी बंगारपेठला मुख्य मार्ग सोडते आणि कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन अशी स्टेशनं घेत मारिकुप्पमला संपते. ही सगळी खाणींची नावं आहेत. गाडीचे दिवस आणि वेळा बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी रेल्वेच्या ॲपवर बघून घ्या.

*रस्त्यानं :* मंद्रूपवरनं विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बेंगळुरू. तिथून कोलार किंवा बंगारपेठ मार्गे केजीएफ. एकूण सातशे किलोमीटर धरून चला. एकट्या ड्रायव्हरनं एका दमात ओढू नका. होस्पेटला मुक्काम केला तर हंपीही होते.

*भाषा :* केजीएफमध्ये तमिळ जास्त, जोडीला तेलुगू आणि कन्नड. आपल्या सीमाभागात कन्नड बोलणारे घरोघरी आहेत, त्यांना अडचण नाही. हिंदीवरही काम भागतं.

*राहणं :* कोलार किंवा बेंगळुरूला राहिलेलं बरं. केजीएफ एका दिवसात बघून होतं.

काय बघायचं?

- शाफ्टचे लोखंडी मनोरे : माणसं आणि दगड वर-खाली करणाऱ्या पाळण्याचे हे मनोरे. रस्त्यावरनं दिसतात, तिथूनच बघा.
- रेल्वेची छोटी स्टेशनं आणि जुने बंगले : 'छोटं इंग्लंड' कसं होतं याचा अंदाज येतो.
- मातीच्या टेकड्या : लांबून, रस्त्यावरनं.
- पेद्दपल्लीचा उशीसारखा दगड : कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्याखाली लाव्हा थिजून तयार झालेला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून नोंदलेली जागा. पोरं बरोबर असतील तर चुकवू नका.
- कम्मसंद्रचं कोटिलिंगेश्वर : केजीएफजवळच. १०८ फुटी शिवलिंग आणि आवारात लहान-मोठी असंख्य लिंगं. घरच्या वडीलधाऱ्यांसाठी हे मुख्य ठिकाण ठरेल.
- कोलार गाव : कोलारम्मा देवीचं आणि सोमेश्वराचं जुनं मंदिर.

काय करायचं नाही? हे नीट वाचा

*१. शाफ्टजवळ जायचं नाही, आत तर मुळीच नाही.* कंपनीची जागा आहे, परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. पण गुन्ह्यापेक्षा मोठी गोष्ट हवेची आहे. बंद खाणीत प्राणवायू संपलेला असतो, जड वायू तळाशी साचून राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. दोन-चार पावलांत माणूस पडतो. भंगार चोरायला बंद शाफ्टमध्ये उतरलेली माणसं केजीएफमध्ये गुदमरून मेली आहेत. आपल्याकडं जुन्या विहिरीत गाळ काढायला एक उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. तसंच तिथं होतं. कुणी पडलेला दिसला तर मागं उतरू नका, ११२ ला फोन करा.

*२. मातीच्या टेकडीवर चढायचं नाही.* वरनं वाळलेली दिसते, आतनं भुसभुशीत असते, पावसानं घळी पडलेल्या असतात. पाय टाकला तर ढासळते. वाऱ्याच्या दिवसांत त्यातली पीठासारखी धूळ उडते. तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा. लहान पोरांना आणि दम्याच्या माणसांना जवळ नेऊ नका.

*३. टेकडीच्या पायथ्याचं पाणी प्यायचं नाही, त्यात हातपाय धुवायचे नाहीत.* पाण्याच्या बाटल्या बरोबर ठेवा. तिथली माती "सोन्याची माती" म्हणून घरी आणू नका. सोनं निघणार नाही, त्रास मात्र होऊ शकतो.

*४. पडक्या इमारतींत शिरायचं नाही.* छपरं कुजली आहेत, जमिनीतले खड्डे झुडपांनी झाकले आहेत.

*५. लोकांच्या घरात मोबाईल खुपसायचा नाही.* लाइनीतल्या खोल्या ही लोकांची घरं आहेत, सिनेमाचा सेट नाही. तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी आयुष्य जमिनीखाली घालवलंय. फोटो काढायचा तर आधी विचारा. नाही म्हणाले तर नाही. बोलायला बसले तर ऐकून घ्या, गाइडपेक्षा जास्त कळेल.

जवळची सोन्याची खाण : हट्टी

लांब जायची गरज काय, असंही कुणी विचारेल. रायचूर जिल्ह्यात लिंगसुगूर तालुक्यात हट्टीची सोन्याची खाण आहे, ती चालू आहे. विजापूरच्या पलीकडं, आपल्याला केजीएफपेक्षा कितीतरी जवळ. निजामाच्या राजवटीत १९४७ मध्ये तिची कंपनी स्थापन झाली. आता ती कर्नाटक सरकारची आहे आणि भारतातलं खाणीतून निघणारं बहुतेक सोनं तिथूनच येतं. पण चालू खाण असल्यामुळं परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. गावावरनं फेरफटका मारून परत यावं लागेल.

आपल्या गावच्या खाणीचं काय?

केजीएफचं वाचून झालं की आपल्या शिवाराकडंही बघा. आपल्याकडं सोनं नाही, पण खडीच्या आणि मुरमाच्या खाणी आहेत. दगड काढून झाला की खड्डा तसाच सोडून देतात. पावसाळ्यात पाणी भरतं. काठ उभे कापलेले असतात, घाट नाही, पायरी नाही. पोहायला उतरलेलं पोर वर येऊ शकत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात.

गावकऱ्यांना करता येण्यासारख्या तीन गोष्टी :

- खड्ड्याची नोंद करा. गौण खनिजाचं उत्खनन महाराष्ट्राच्या २०१३ च्या नियमांनुसार परवानगी घेऊनच करता येतं. कुठल्या गटात कुणाला परवानगी होती, मुदत कधी संपली, हे तलाठी आणि तहसील कार्यालयात विचारता येतं. कुंपण आणि सूचना फलकाची मागणी लेखी द्या, पोच घ्या.
- खनिज निधीबद्दल विचारा. खाणधारकांकडून जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडं रक्कम जमा होते. ती खाणीचा त्रास होणाऱ्या गावांवर पाणी, आरोग्य, शिक्षण यांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत ठराव करून मागणी करता येते.
- क्रशरवर काम करणाऱ्यांची तपासणी. सतत कोरडा खोकला, चालताना दम, वजन उतरणं अशी लक्षणं असतील तर नुसती टीबीची गोळी घेऊन थांबू नका. "मी दगडाच्या धुळीत काम करतो" हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, छातीचा एक्स-रे काढा. सिलिकोसिस हा कायद्यानं कळवायचा रोग आहे आणि कामामुळं झाला हे सिद्ध झालं तर भरपाईचा हक्क आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*केजीएफची खाण परत सुरू होणार का?*
खोल खाण सुरू झालेली नाही. सध्या विषय आहे तो जमिनीवरच्या मातीच्या ढिगांतून उरलेलं सोनं काढण्याचा.

*तिकीट काढून खाण बघता येते का?*
नाही. 'आत नेतो, पैसे द्या' म्हणणारा भेटला तर नाही म्हणा.

*कोणत्या महिन्यात जावं?*
नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते. पावसाळ्यात टेकड्यांचा चिखल वाहतो, उन्हाळ्याच्या वाऱ्यात धूळ उडते.

*पोरांची सहल नेता येईल का?*
नेता येईल. पेद्दपल्लीचा दगड, रेल्वे, कोटिलिंगेश्वर आणि बेंगळुरूचं विज्ञान संग्रहालय असा दौरा आखा. खाणीच्या हद्दीत एकाही मुलाला सोडू नका.

*सोनं तिथं स्वस्त मिळतं का?*
नाही. भाव सगळीकडं सारखाच. 'खाणीतलं सोनं' म्हणून कुणी गुपचूप विकत असेल तर ती फसवणूक समजा.

केजीएफमधून १२० वर्षांत आठ लाख किलोंच्या वर सोनं निघालं. ते देशोदेशी गेलं. गावाकडं उरली ती माती, ती धूळ आणि पहाटेची बेंगळुरूची गाडी. जाल तेव्हा ती गाडी भरून जाताना बघा, खाणीबद्दल बरंच कळेल.